मासे खाल्ले की फवारणीचं विष बाधत नाही?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या लोकांत आणि करजण, डभोईकडच्या कापूसवाल्यांतही हे अजून ऐकू येतं: माशाच्या अंगात विष पचवणारी एन्झाइमं असतात, म्हणून फवारणीच्या दिवसांत मासे खावेत.

एन्झाइमं असतात, हे खरं. पण क्लोरपायरिफॉससारखं फवारणीचं औषध अंगात गेलं की यकृत आधी त्याचं जास्त जहाल रूप तयार करतं, ऑक्सॉन. नसांचं काम चालवणाऱ्या असिटाइलकोलिनएस्टरेज या एन्झाइमला ते जखडून टाकतं. माशातलं कार्बॉक्सिलएस्टरेज हे एन्झाइम थोडा ऑक्सॉन स्वतःवर ओढून घेतं खरं, पण त्यात ते स्वतःही निकामी होतं. ऑक्सॉन फोडणारं पॅराऑक्सोनेज माणसाच्या रक्तात चांगलं असतं, माशांच्या रक्तात अगदीच कमी. म्हणजे या बाबतीत मासाच आपल्यापेक्षा दुबळा! सायपरमेथ्रिन हे दुसरं कीटकनाशक तर पाण्यात किंचित उतरलं तरी मासे मरतात.

शिवाय तळताना ही एन्झाइमं कढईतच संपतात. उरलीसुरली पोटात पचतात, रक्तात पोचत नाहीत.

अमेरिकेत मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात डीडीटी या कीटकनाशकाला दाद न देणारे, गप्पीच्या कुळातले डासखाऊ मासे 1963 साली नोंदले गेले. मात्र असे मासे विष अंगात साठवून जगतात, आणि ते खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

फवारणीनंतर लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, धाप दिसली तर कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा. तिथे उतारा म्हणून अॅट्रोपिन देतात.