जुना वस्तरा जंतुमुक्त करणं

दुसऱ्याने वापरलेला वस्तरा आपल्या गालाला लावायच्या आधी त्याच्यावरची घाण आणि रोगजंतू काढून टाकायची पद्धत. इथे वस्तरा म्हणजे अख्ख्या पोलादी पात्याचा, मुठीत दुमडणारा जुना वस्तरा. सलूनमध्ये हल्ली अर्धं ब्लेड अडकवून वापरतात तो नाही. असे जुने वस्तरे बहुतेक जर्मनीतल्या झोलिंगनचे नाहीतर इंग्लंडमधल्या शेफील्डचे असतात. जिलेटचा सेफ्टी रेझर १९०३ मध्ये विक्रीला आला आणि पुढच्या काही दशकांत हे वस्तरे हळूहळू घरोघरच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडले. तिथून ते आता ऑनलाइन लिलावात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं, अडकित्ते आणि बंद घड्याळांच्या ढिगात सापडतात.

लोकांना भीती असते ती मूळ मालकाची, म्हणजे कोण कुठला साहेब, त्याला काय रोग होता कोण जाणे. खरं तर पन्नास वर्षं पेटीत पडलेल्या पात्यावर त्या साहेबाचा एकही विषाणू जिवंत नसतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो, आणि बाहेरच्या पृष्ठभागावर टिकण्याच्या बाबतीत तो चिवटच म्हणायचा, एचआयव्ही तर त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर निकामी होतो. मग धोका कोणाचा? परवा ज्याने धार बघायला हातावरचे केस काढून बघितले त्याचा, विक्रेत्याचा, आधीच्या गिऱ्हाइकाचा. म्हणून वस्तरा किती जुना आहे यापेक्षा शेवटचा हात कधी लागला हे महत्त्वाचं, आणि ते कळायला काही मार्ग नसतो, तेव्हा प्रत्येक वस्तरा कालच वापरलाय असं धरूनच चालायचं. विषाणूंशिवाय बुरशीचाही प्रश्न आहे, दाढीचा नायटा म्हणतात तो अशाच घाण हत्यारांमधून पसरतो.

गंज म्हणजे धनुर्वात हे समीकरण आपल्याकडे पक्कं डोक्यात बसलंय, ते अर्धंच खरं आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, गंजातून तयार होत नाहीत. पण त्यांचे बीजाणू, म्हणजे कवचात सुप्त पडून राहिलेले जंतू, वर्षानुवर्षं टिकतात आणि गंजाने पडलेल्या खड्ड्यांत माती, साबण, कातडीचा चुरा सगळं मस्त अडकून राहतं. दाढीची जखम वरवरची असते त्यामुळे शक्यता कमीच, तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर डॉक्टरला विचारून घ्यावं.

सगळ्यात मोठं काम औषधाचं नाही, घासण्याचं आहे. पात्यावर वाळलेला साबण आणि तेलाचा थर असला की जंतुनाशक वरच्या वर राहतं, खाली पोचतच नाही. आधी कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन पातं पाठीकडून धारेकडे पुसत जायचं, उलट्या दिशेने गेलात तर पहिलं रक्त तुमचंच. सगळ्यात घाणेरडी जागा म्हणजे खिळ्याजवळचा सांधा आणि मुठीच्या दोन पट्ट्यांमधली फट. मी एकदा त्या फटीतून दोऱ्याने साफ करत होतो तर काळपट, मेणासारखी एक वळीच बाहेर आली, तिच्यात बारीक पांढरे केस होते, त्या दिवशी जेवण जरा उशिराच केलं. फटीसाठी दातांचा फ्लॉस किंवा सुती दोरा आणि सांध्यासाठी टूथपिक पुरते. वरवरचा गंज मेटल पॉलिशने नाहीतर दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने निघतो. पण धारेपर्यंत खड्डे पोचले असतील तर तो वस्तरा शोकेसमध्ये शोभतो, गालावर नाही.

आता मूठ बघायची, कारण पुढे काय वापरायचं ते पात्यापेक्षा मूठच ठरवते. पोलाद बरंच सोसतं, मूठ सोसत नाही. शिंगाची मूठ पाण्यात भिजत ठेवली की फुगते, वाकते, तिचे पापुद्रे सुटतात. हाडाची आणि लाकडाची तडकते. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, त्याची मूठ ओळखायची सोपी खूण म्हणजे अंगठ्याने जोरात घासून गरम करायची आणि हुंगायची, कापराचा वास येतो, कारण ते कापूर घालूनच बनवतात. ते उकळत्या पाण्यात मऊ पडून वेडंवाकडं होतं, अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवलं तर चिकट होतं आणि आगीजवळ नेलं तर भडकन पेटतं. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात आणि आतलं पातं गंजतं. मूठ चिकट लागतेय, भेगाळलीय आणि पात्यावर नेमका मुठीत झाकला जाणारा भागच गंजलाय असं दिसलं तर तो वस्तरा घेऊच नये.

औषधांत सगळ्यात सोयीचं म्हणजे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं जास्त जालीम असणार असं वाटतं, पण ते चटकन उडून जातं आणि जंतूंमधली प्रथिनं मोडायला पाणीही लागतं, म्हणून ७०च बरं. मूठ उघडी धरून फक्त पातं दहा मिनिटं बुडवायचं आणि सांध्यात कापसाने थेंब थेंब सोडायचं, सेल्युलॉइड असेल तर लगेच पुसून घ्यायचं. अमेरिकेतल्या न्हाव्यांच्या दुकानात काउंटरवर निळ्या पाण्याची बरणी असते ते बार्बिसाइड, १९४७ चं, त्यातही धुतलेलं हत्यार दहा मिनिटं बुडवतात आणि गंज धरू नये म्हणून त्यात सोडियम नायट्राइट असतं. डेटॉल पाण्यात टाकून वस्तरा बुचकळून काढायची सवय आपल्याकडे आहे, वास छान येतो पण बीजाणूंपुढे त्याचं काही चालत नाही आणि बुचकळण्याइतक्या वेळात तर कशापुढेच नाही. ब्लीच मात्र अजिबात नको, जंतू मरतील पण कार्बन स्टीलवर खड्डे पाडून ठेवेल. आणि तुरटी रक्त थांबवायला असते, हत्यार शुद्ध करायला नाही.

बीजाणूसुद्धा मारायचे तर वाफ लागते, ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ डिग्रीला १५ ते २० मिनिटं. घरचा प्रेशर कुकर त्या तापमानाच्या आसपास जातो म्हणून काहीजण ते करून बघतात, पण शिट्ट्या मोजून भात होतो, निर्जंतुकीकरण झालं की नाही ते शिट्टीवरून कळत नाही, शिवाय मूठ काढल्याशिवाय हे करणं म्हणजे मुठीचा बळी. नुसतं उकळल्याने पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरत नाही, कारण ते उतरायला १५०-२०० डिग्रीच्या पुढे जावं लागतं. गॅसच्या ज्योतीवर धरलं तर मात्र कागदासारखी पातळ धार क्षणात तेवढी तापते, निळी पडते आणि मग कितीही परजा, धार टिकत नाही. यूव्ही लाइटच्या डब्यात उजेड पडेल तेवढंच काम होतं, सांध्यात अंधारच.

क्रमही चुकवू नये. निसण्यावर लावायच्या आधी एकदा जंतुमुक्त करायचं, धार लावून झाल्यावर पुन्हा, आणि मगच चामड्याच्या पट्ट्यावर परजायचं, कारण चामडं धुता येत नाही, एकदा त्यावर घाण गेली की पुढचा प्रत्येक वस्तरा त्यातूनच जाणार. वस्तऱ्याबरोबर जुना पट्टा फुकट मिळाला तर तो भिंतीला टांगायला ठेवावा. शेवटी पातं कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर मुंबईच्या पावसाळ्यात रात्रीतून लाल ठिपके येतात.

आपल्याकडच्या सलूनमधून अख्ख्या पात्याचा वस्तरा गेला त्यात एड्सच्या जनजागृतीचा मोठा हात होता, ‘नवीन ब्लेड टाका’ हे वाक्य तेव्हापासून गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलं. घरच्या वस्तऱ्याला तो उपाय नाही, तिथे एक वस्तरा एकाच माणसाचा एवढं पाळायचं.

जुन्या सेटमध्ये कधी दाढीचा ब्रशही येतो. पहिल्या महायुद्धात घोड्याच्या केसांच्या ब्रशमधून ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना अँथ्रॅक्स झाला होता, आणि अँथ्रॅक्सचे बीजाणू कित्येक दशकं टिकतात. वरची वस्तऱ्याची कुठलीच घरगुती पद्धत ब्रशच्या केसांत खात्रीने चालत नाही, त्यामुळे त्या काळातला ब्रश कितीही देखणा असला तरी साबणात फिरवायचा नाही.