स्पॅस्टिसिटी की कॉन्ट्रॅक्चर? ओढायच्या आधी तपासा

पॅरालिसिसच्या पेशंटकडे होम व्हिजिटला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत घरचे सांगतात, "मॅडम, हात फार कडक झालाय, जरा मोकळा करून द्या." आणि आपल्यातले बरेच जण लगेच कोपर धरून स्ट्रेचिंगला लागतात. माझी तरुण फिजिओथेरपिस्टना कळकळीची विनंती आहे की ओढायच्या आधी हा कडकपणा कुठून येतोय ते तपासा. तो स्पॅस्टिसिटीचा असेल तर मूळ मेंदूत किंवा मज्जारज्जूत आहे. कॉन्ट्रॅक्चरचा असेल तर स्नायू, स्नायूबंध किंवा सांध्याभोवतालचं आवरण खरोखरच आखूड झालेलं आहे. बाहेरून दोन्ही हात सारखेच दिसतात. कोपर वाकलेलं, मनगट खाली पडलेलं, मूठ मिटलेली. उपचार मात्र एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही.

ठाणे-नवी मुंबईत हा प्रश्न जास्त टोचतो, कारण आपल्याकडे स्ट्रोकच्या पेशंटचं बहुतेक रिहॅब घरीच होतं. घोडबंदर रोडच्या बाविसाव्या मजल्यावरून अर्धांगवायूच्या माणसाला रोज ओपीडीत आणणं कुटुंबाला झेपत नाही. लोकमान्य नगरच्या चाळीत तर जिन्यातून व्हीलचेअर उतरतच नाही. नेरूळ, कामोठ्याच्या कॉलेजांतून बाहेर पडलेली मुलं वर्ष-दोन वर्षांत एकटीच घरोघरी जायला लागतात. तिथे चूक दाखवून द्यायला सीनियर नसतो. चुकीचं निदान महिनोन्महिने तसंच चालू राहतं.

आधी स्पॅस्टिसिटी. न्यूरॉलॉजिस्ट जेम्स लान्स यांनी 1980 मध्ये केलेली व्याख्या आजही आधाराला घेतली जाते. तिचा गाभा असा की स्नायू ताणल्यावर उठणारा प्रतिक्षेप (रिफ्लेक्स) अवाजवी तीव्र झालेला असतो, आणि ताणण्याचा वेग वाढवला की विरोधही वाढतो. वेग हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. गाडीचा सीट बेल्ट हळू ओढला तर सरळ बाहेर येतो, झटका दिला की जागीच अडकतो. स्पॅस्टिक स्नायूचं तसंच आहे. हळू नेलं तर तो बरीच वाट देतो, झटकन नेलं की मध्येच पकडतो. या पकडीलाच आपण कॅच म्हणतो.

कॉन्ट्रॅक्चरला वेगाशी देणंघेणं नाही. तिथे ऊतीची लांबीच कमी झालेली असते, त्यामुळे हळू न्या की जोरात न्या, सांधा साधारण त्याच अंशावर थांबतो. हे होतं कसं, याचा सुंदर पुरावा 1972 सालच्या ताबारी आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात आहे. त्यांनी मांजरांच्या पोटरीतला सोलियस स्नायू प्लास्टर घालून आखूड स्थितीत ठेवला. काही आठवड्यांत त्या स्नायूतले एकापुढे एक असलेले सार्कोमिअर (आकुंचन पावणारे सूक्ष्म घटक) सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले. प्लास्टर काढून हालचाल मोकळी केल्यावर साधारण चार आठवड्यांत ते पूर्ववत झाले. मला या प्रयोगातून घेण्यासारखं वाटतं ते असं की स्नायू ज्या लांबीत दिवस काढतो त्या लांबीचा होतो. आजोबांच्या गुडघ्याखाली दिवसरात्र उशी ठेवली, लुळा हात सतत पोटावर ठेवला, पाय पलंगाच्या कडेला टाच खाली न टेकता लोंबू दिला, तर स्पॅस्टिसिटी अजिबात नसलेल्या पायालाही कॉन्ट्रॅक्चर होतं. अगदी लुळ्या, टोन (स्नायूचा स्वाभाविक ताण) नसलेल्या हातालाही होतं. म्हणून "अजून टोन आलेला नाही, मग काळजी नाही" हे वाक्य धोक्याचं आहे.

मग ओळखायचं कसं? याचं उत्तर टार्ड्यू स्केलमध्ये आहे. मूळ काम फ्रान्सच्या गी टार्ड्यू यांचं, 1954 चं. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. प्रत्यक्ष पद्धत अशी. पेशंटला उताणं झोपवा, गुडघा सरळ ठेवा. एका हाताने टाच पक्की धरा, म्हणजे पाऊल मधूनच मुडपणार नाही. पहिल्यांदा घोटा शक्य तितका सावकाश वर न्या, इतका सावकाश की प्रतिक्षेप जागाच होऊ नये. जिथे थांबेल तो कोन गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) मोजा. हा आर-टू. मग पाऊल परत खाली आणून शक्य तितक्या वेगाने एकदाच वर न्या. कॅच जिथे लागेल तो कोन आर-वन. आता दोघांतलं अंतर बघा.

समजा सावकाश नेल्यावर घोटा काटकोनाच्या 10 अंश पुढे गेला आणि वेगात नेल्यावर काटकोनाच्या 15 अंश अलीकडेच अडकला. पंचवीस अंशांचा फरक. पोटरीला लांबी आहे, प्रतिक्षेप ती वापरू देत नाही. हा स्पॅस्टिसिटीचा पाय. दुसऱ्या पेशंटचा घोटा सावकाश नेऊनही काटकोनाच्या 10 अंश अलीकडे थांबतो आणि वेगात 12 अंशांवर. फरक जेमतेम दोन अंश. हे कॉन्ट्रॅक्चर. मग तीच तपासणी गुडघा वाकवून करा. गुडघा वाकवल्यावर घोटा जास्त वर येत असेल तर अडचण मुख्यतः गॅस्ट्रॉक्नेमियसची (पोटरीचा गुडघ्यावरून जाणारा स्नायू), तसाच राहिला तर सोलियस किंवा सांधाच धरा. वेगाची चाचणी ताजं फ्रॅक्चर, ठिसूळ हाडं, पोटरीत रक्ताची गुठळी असल्याची शंका किंवा दुखरा खांदा असेल तिथे करू नका.

आता एक कटू गोष्ट. आपल्यातल्या बहुतेकांच्या फाइलमध्ये टार्ड्यू नसतोच, असतो तो मॉडिफाइड ॲशवर्थ, म्हणजे हाताला जाणवलेल्या विरोधाला आकडा देणारं स्केल. ॲशवर्थ यांनी मूळ स्केल 1964 मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटवर औषधाचा परिणाम बघायला वापरलं, बोहॅनन आणि स्मिथ यांनी 1987 मध्ये त्यात 1+ ही पायरी घातली. स्केल सोपं आहे, वेळ लागत नाही, परीक्षेत विचारतात. पण ते एकाच वेगाने नेताना किती विरोध जाणवला तेवढं सांगतं. वरच्या दोन्ही पायांना तुम्ही कदाचित एकच आकडा द्याल, आणि तो आकडा वाचून डॉक्टर दोघांनाही बॅक्लोफेन (टोन उतरवणारं औषध) वाढवून देतील. पॅट्रिक आणि ॲडा यांनी 2006 मध्ये नेमकं हेच दाखवलं: टार्ड्यू कॉन्ट्रॅक्चर आणि स्पॅस्टिसिटी वेगळे काढतो, ॲशवर्थमध्ये ते मिसळतात.

गोनिओमीटर बाहेर काढायच्या आधीच घरच्यांच्या बोलण्यातून अर्धं निदान हाती येतं, फक्त विचारायला हवं. नौपाड्यातल्या एका काकूंनी सहज सांगितलं होतं, "यांचा हात सकाळी गरम पाण्याने आंघोळ घातली की चांगला सुटतो, पण दुपारी लघवी तुंबली की असा आवळतो की बोटं उघडत नाहीत." दिवसभरात बदलणारा कडकपणा हा स्पॅस्टिसिटीचा. थंडी, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, तुंबलेला कॅथेटर, पाठीवरचं प्रेशर सोअर, बोटात रुतलेलं नख, घट्ट बूट, यातलं काहीही टोन वाढवू शकतं. म्हणून एका आठवड्यात अचानक टोन वाढला तर स्ट्रेचिंग वाढवण्याआधी कॅथेटरची पिशवी बघा, चादर बाजूला करून कंबर आणि टाचा बघा. कॉन्ट्रॅक्चर असं वेळेनुसार बदलत नाही. ते सकाळी जेवढं तेवढंच संध्याकाळी.

उपचारांत फरक कुठे पडतो? बोट्युलिनम टॉक्सिन नसेकडून स्नायूला जाणारा संदेश अडवतं. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. ते स्पॅस्टिसिटीवर चालतं, कारण तिथे संदेशच जास्त आहे. आखूड झालेल्या ऊतीला ते लांब करू शकत नाही. हजारो रुपयांचं इंजेक्शन कॉन्ट्रॅक्चरच्या पायात गेलं की कुटुंबाची ठेव मोडते आणि टाच होती तिथेच राहते. बॅक्लोफेनचंही तेच. शिवाय त्याने झोप येते, अशक्तपणा येतो, आणि ते एकदम बंद करणं धोक्याचं असतं. उलट बाजूने कॉन्ट्रॅक्चरला सिरियल कास्टिंग (टप्प्याटप्प्याने कोन वाढवत बदललेली प्लास्टर), दीर्घकाळ पोझिशनिंग, आणि फार झालं तर ऑर्थोपेडिक सर्जनकडे स्नायूबंध लांबवण्याची शस्त्रक्रिया, असा मार्ग असतो.

स्ट्रेचिंगबद्दल मात्र आपल्या पेशाने प्रामाणिक व्हायला हवं. 2017 च्या कॉक्रेन आढाव्याचा (अनेक संशोधनं एकत्र तपासणारा आढावा) निष्कर्ष असा की न्यूरॉलॉजिकल आजारांच्या पेशंटमध्ये सात महिन्यांपर्यंत नियमित स्ट्रेच देऊनही सांध्याच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. रोजची पंचेचाळीस मिनिटांची व्हिजिट निव्वळ हात ओढण्यात घालवणं मला म्हणूनच पटत नाही. त्यातला मोठा भाग उठणं-बसणं, उभं राहणं, पोहोचणं, पकडणं अशा कामाच्या सरावाला द्या. उरलेल्या तेवीस तासांत स्नायू कुठल्या लांबीत राहतो ते घरच्यांना आणि सांभाळणाऱ्या मावशींना शिकवा. उशी कुठे ठेवायची, टाच कशी टेकवायची, हे दाखवून त्यांच्याकडून करून घ्या.

एक सावधगिरी: प्रत्येक स्पॅस्टिसिटी काढायची नसते. गुडघा ताठ राहतो म्हणूनच काही पेशंट उभे राहू शकतात. टोन उतरवला तर पाय खचतो.

बहुतेक जुन्या पेशंटमध्ये दोन्ही एकत्र सापडतात. तेव्हा प्रश्न "कुठलं" असा न राहता "किती अंश कशाचे" असा होतो. पार्किन्सनची रिजिडिटी या दोन्हींहून वेगळी, संपूर्ण हालचालीत सारखी आणि वेगावर फारशी अवलंबून नसलेली. आणि डोक्याला किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटचा सांधा लाल, गरम, सुजलेला असेल आणि हालचाल झपाट्याने कमी होत असेल तर हात आखडता घ्या. नको तिथे हाड तयार होत असण्याची शक्यता असते. आधी डॉक्टरांना कळवा.

हे सगळं शिकायचं कुठे? क्रेडिट पॉइंटसाठी होणाऱ्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळा भरपूर आहेत, आणि त्यांचा मला आदर आहे. पण स्लाइडवर स्केलचा तक्ता बघून हाताला कॅच कळत नाही. पैसे भरण्याआधी विचारा: खरे पेशंट असतील का? एकाच पेशंटचा घोटा तीन जण वेगवेगळा मोजून आकडे ताडून बघणार का? महिन्याभराने कोणी आपली नोंद तपासणार आहे का? तिन्हींना "नाही" असं उत्तर असेल तर त्यापेक्षा चार मैत्रिणींनी रविवारी सकाळी एका क्लिनिकमध्ये जमून, पेशंटची परवानगी घेऊन, हाच सराव केलेला जास्त उपयोगी. पहिल्या दिवशी आकड्यांत पंधरा-पंधरा अंशांचा फरक पडतो. पकड, वेग, सुरुवातीची स्थिती एकसारखी केली की तो कमी होताना दिसतो.

आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहिताना "टोन वाढला आहे" एवढ्यावर थांबू नका. कुठला स्नायू, गुडघा सरळ की वाकवलेला, सावकाश कोन, वेगातला कोन, तपासणीची वेळ, बॅक्लोफेनचा शेवटचा डोस किती वाजता घेतला, आणि पेशंटचं रोजचं कुठलं काम यामुळे अडतंय. सहा ओळींत मावतं, आणि इंजेक्शन, प्लास्टर की शस्त्रक्रिया हे ठरवायला न्यूरॉलॉजिस्टला त्यातली प्रत्येक ओळ लागते.