घुमट पांढरा, मारबत काळी, फोटो मात्र राखाडी

तीन वर्षांपूर्वी एक जुना डिजिटल एसएलआर कॅमेरा विकत घेतला आणि पहिल्याच रविवारी नागपूरची दीक्षाभूमी गाठली. सकाळचं लख्ख ऊन, स्तूपाचा पांढराशुभ्र घुमट, मागे निळं आभाळ. यात चुकायला जागाच कुठे होती? घरी येऊन पाहतो तर घुमट राखेत लोळून आल्यासारखा. पुढे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गर्दीत घुसून काळ्या मारबतीचा, म्हणजे मिरवत नेतात त्या भल्यामोठ्या पुतळ्याचा, फोटो काढला. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत'चा गजर, खांद्यावर बसलेली पोरं, मधोमध काळीकुट्ट मारबत. फोटोत तीही राखाडी! वर मागचं आभाळ पांढरंफटक पडलेलं.

पांढरं काळवंडतं आणि काळं उजळतं, म्हणजे कॅमेरा बिघडला असणार अशी माझी खात्री झाली. आमच्या शेजारच्या काकांचा पूर्वी महाल भागात फोटो स्टुडिओ होता. त्यांना दोन्ही फोटो दाखवले तर हसायलाच लागले. म्हणाले, "अरे, कॅमेऱ्याले काय समजते समोर घुमट हाय का मारबत? त्याले फक्त उजेड समजते."

कॅमेऱ्यातलं मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतं. मात्र कमी उजेड आला तर वस्तू काळी आहे की सावलीत आहे, हे त्याला त्या एका आकड्यावरून ठरवता येत नाही. मग ते एक गृहीत धरतं: समोरचं दृश्य सरासरीने मधल्या राखाडी रंगाचं आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारं. झाडं, माणसं, रस्ता, विटांच्या भिंती असं सगळं एकत्र असलं की हा अंदाज बरा चालतो. पण फ्रेमभर घुमट आला की मीटर म्हणतं, 'फारच उजेड झाला', आणि फोटो अंधारा करतं. मारबतीपुढे याच्या बरोब्बर उलट. आजची मीटरं थोडी शहाणी झाली आहेत, चेहरे वगैरे ओळखतात. तरी मूळ खोड गेलेली नाही.

चूक किती होते याचा हिशेब तोंडी करता येतो. पांढरा रंग ८० टक्क्यांच्या आसपास उजेड परतवतो. १८ ची दुप्पट ३६, तिची दुप्पट ७२. म्हणजे घुमटाला दोन दुपटींच्या आसपास उजेड कमी मिळाला. फोटोवाले एका दुपटीला 'एक स्टॉप' म्हणतात. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण असतं, ते याचसाठी. पांढऱ्यासाठी अधिककडे जायचं, काळ्यासाठी उण्याकडे. मनाला हे उलटं वाटतं, आणि मी पहिले काही दिवस उलटंच करत होतो.

हा उजेड मोजला कसा जातो? प्रकाशाचा कण सिलिकॉनवर आदळला की त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा होतो. प्रकाश असा सुट्या पुड्यांनी येतो, ही कल्पना आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडली. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी असे इलेक्ट्रॉन साठवून पुढे सरकवणारी सीसीडी चिप सुचवली. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी तशी चिप वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचं होतं आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. तत्त्व आजही तेच आहे: प्रत्येक ठिपक्यापाशी किती इलेक्ट्रॉन जमले, ते मोजायचं.

मोजणीच आहे म्हटल्यावर तिच्यात चढउतार आलेच. अंगणातल्या फरशीवर पावसाचे पहिले थेंब पडताना पाहा. एका फरशीवर सात थेंब, शेजारचीवर तीन. पाऊस तोच, फरश्याही सारख्याच, तरी अंगण ठिपकेदार दिसतं. पाच मिनिटं धो धो कोसळला की सगळं सारखं ओलं. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या या चिपवर, हेच घडतं. एका ठिपक्यावर सरासरी १०० कण येणार असतील तर हा आकडा साधारण १० ने वरखाली होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० येणार असतील तर १०० ने, म्हणजे अवघा १ टक्का. रात्रीच्या फोटोत जी रवाळ खरखर दिसते, ती बहुतेक या मोजक्या थेंबांची. आयएसओ, म्हणजे फोटो किती उजळ करायचा तो कॅमेऱ्यावरचा आकडा, वाढवला की खरखर वाढते असं सगळे सांगतात. खरं तर आयएसओ म्हणजे लाऊडस्पीकरचा आवाज वाढवण्यासारखं: आत आलेला उजेड तेवढाच राहतो, त्यातली खरखर फक्त मोठी होऊन ऐकू येते. फोनच्या इवल्याशा सेन्सरवर मुळात पाऊसच कमी पडतो, मग डब्यावर मेगापिक्सेल कितीही छापलेले असोत.

नागपूरकरांसाठी यात आणखी एक भानगड आहे. सिलिकॉन तापलं की उजेड नसतानाही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि तापमान सहा-आठ अंशांनी वाढलं की त्यांची संख्या साधारण दुप्पट होते. फुटाळा तलावाच्या काठी ट्रायपॉड लावून अर्ध्या मिनिटाचा फोटो काढायचा तर मे महिन्यापेक्षा डिसेंबर बरा. मे महिन्यात तसंही तिथे उभं राहणाऱ्याचीच खरखर होते.

काकांकडे मीटरशिवायचा जुना तोडगा होता. रोलच्या डब्यावर सूर्य आणि ढगांची चित्रं छापलेली असत, त्यांवरून ते आकडे लावत. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर (भिंगातलं छिद्र) एफ १६ आणि शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) आयएसओएवढं: आयएसओ १०० असेल तर १/१०० सेकंद. यात घुमट, मारबत यांचा उल्लेखच नाही, कारण हिशेब वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचा आहे. एका उन्हात उभ्या असलेल्या सगळ्यांना एकच आकडा लागू.

आभाळ भरलं की एफ ८ वर यायचं. हा आकडा म्हणजे भिंगाच्या केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागून येणारा भागाकार, म्हणून आकडा लहान तर छिद्र मोठं. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट, म्हणजे दोन स्टॉप. पण मिरवणूक १/१०० सेकंदात थांबत नाही, नाचणाऱ्यांचे हात पुसट होतात. शटर १/४०० केलं तर उजेड चौथाई राहतो, मग आयएसओ ४०० वर न्यायचा. सगळी देवाणघेवाण दुपटीत चालते, त्यामुळे पाढे येणाऱ्याला अडचण नाही.

ऊन-सावली सारखी बदलत असेल तर काकांची दुसरी युक्ती: आपला तळहात. माणूस गोरा असो की सावळा, तळव्याचा रंग फारसा बदलत नाही, आणि तो मधल्या राखाडीच्या साधारण दुप्पट उजळ असतो. ज्या उजेडात मारबत आहे त्याच उजेडात हात धरायचा, फ्रेम तळव्याने भरून मीटरचा आकडा घ्यायचा, एक स्टॉप वाढवायचा आणि आकडे तिथेच बांधून टाकायचे.

पुढच्या मारबतीला मी इतवारीत हात पुढे करून उभा होतो, डोळा कॅमेऱ्याला. मीटरचा काटा स्थिर होतोय तोच बापाच्या खांद्यावरच्या एका पोराने खाली वाकून माझ्या तळव्यावर खणखणीत टाळी दिली. आकडा पुन्हा घ्यावा लागला. मारबत मात्र या वेळी काळी आली.