मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू २५

मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू २५ : १९३४ ते १९३६ या तीन हंगामांत ग्रां प्री शर्यतींत उतरलेली, उघड्या चाकांची जर्मन शर्यतगाडी. श्टुटगार्टच्या उंटरट्युर्कहाइम कारखान्यात ती घडली. पुढे ‘चंदेरी बाण’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मर्सिडीज गाड्यांपैकी ग्रां प्रीसाठी बांधलेली ही पहिली. या नावामागची रंगाची कथा गाडीपेक्षाही प्रसिद्ध झाल्याने तिचा प्रत्यक्ष शर्यतीतला इतिहास बराचसा झाकोळला गेला आहे.

पार्श्वभूमी : ग्रां प्री शर्यतींचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ऑक्टोबर १९३२ मध्ये १९३४ पासून लागू होणारा नवा नियम जाहीर केला. चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वगळून गाडीचे वजन ७५० किग्रॅ.पेक्षा जास्त नसावे, ही त्यातली मुख्य अट. हलक्या सांगाड्याला मोठे इंजिन पेलणार नाही आणि वाढत्या वेगाला आपोआप आळा बसेल, असा हिशेब होता. तो पार चुकला. वजन बांधलेले असले तरी इंजिनाच्या आकारावर बंधन नव्हते. हलक्या मिश्रधातूंचे ज्ञान असलेल्या अभियंत्यांना रान मोकळे मिळाले.

१९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या नाझी राजवटीने शर्यतींना प्रचाराचे साधन मानून अनुदान दिले. दरसाल सुमारे साडेचार लाख राइशमार्क (तेव्हाचे जर्मन चलन) हा आकडा सामान्यतः दिला जातो. तो डाइमलर-बेंझ (मर्सिडीज-बेंझची निर्माती) आणि ऑटो युनियन या दोन जर्मन कंपन्यांत विभागला गेला आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून कितीतरी अधिक होता. या गाड्यांच्या विजयांचा राजवटीने भरपूर वापर करून घेतला. ही बाजू वगळून या गाडीचा इतिहास लिहिणे योग्य नाही.

रचना : आराखडा हान्स निबेल यांच्या देखरेखीखाली तयार झाला. सांगाड्याचे काम माक्स वाग्नर यांच्याकडे होते. नोव्हेंबर १९३४ मध्ये निबेल अकाली वारले आणि त्यांची जागा माक्स झाइलर यांनी घेतली.

इंजिन एका ओळीतल्या आठ सिलिंडरांचे. घडीव पोलादाचे सिलिंडर चार-चारच्या दोन गटांत, त्यांच्याभोवती पत्र्याचे जोडकाम करून बनवलेले पाण्याचे आवरण, ही पद्धत कंपनीत आधीपासून रुळलेली होती. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह (झडपा) आणि त्या उघडमीट करणारे दोन कॅमशाफ्ट वर. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) इंजिनाच्या पुढच्या टोकाला होता आणि तो हवा दाबून कार्ब्युरेटरमध्ये (हवेत इंधन मिसळणाऱ्या भागात) ढकलत असे. प्रतिस्पर्धी गाड्यांत बहुधा याच्या उलट, म्हणजे कार्ब्युरेटरमधून तयार मिश्रण ओढून घेण्याची पद्धत होती. मर्सिडीजची कानठळ्या बसवणारी कर्कश शीळ या मांडणीमुळे ओळखू येई. सुरुवातीला ३,३६० घ.सेंमी. क्षमतेतून सुमारे ३५४ अश्वशक्ती मिळत होती. पुढे ३.७, ४ आणि ४.३ लिटर अशी वाढ होत १९३६ मध्ये ४.७४ लिटरपर्यंत मजल गेली आणि शक्ती ४९० अश्वशक्तीच्या पुढे पोहोचली.

चारही चाके स्वतंत्रपणे टांगलेली होती. गिअरबॉक्स मागच्या आसाला जोडूनच बसवल्याने वजन मागे सरकले. मागे दोन्ही बाजूंना झुलता अर्ध-आस होता. या रचनेत चाक वरखाली होताना त्याचा जमिनीशी असलेला कोनही बदलतो; वळणावर गाडी उचलली गेली की टायर कडेवर येतो आणि पकड अचानक सुटते. इंजिनाची ताकद वाढत गेली तसतसा हा दोष अधिक छळू लागला. १९३६ च्या अपयशाची मुळे येथेच शोधावी लागतात.

रंगाचा वाद : त्या काळी गाडीचा रंग देशावरून ठरे. इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा आणि जर्मनीचा पांढरा. मग ही जर्मन गाडी चंदेरी कशी झाली?

प्रचलित कथा संघव्यवस्थापक आल्फ्रेड नॉयबाउअर यांची. ३ जून १९३४ रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या शर्यतमार्गावर आयफेल शर्यत होती. आदल्या दिवशी वजनकाट्यावर गाडी ७५१ किग्रॅ. भरली. एक किलो कमी करायला सुटा भाग शिल्लक नव्हता. तेव्हा रात्रभर बसून कारागिरांनी पांढरा रंग खरवडून काढला आणि सकाळी ॲल्युमिनियमचा उघडा पत्रा घेऊन गाडी काट्यावर बरोबर ७५० किग्रॅ. भरली. चालक मानफ्रेड फोन ब्राउखिच यांनीही ही हकीकत सांगितली आहे आणि कंपनीने ती दीर्घकाळ मानाने मिरवली.

या कथेवरचे आक्षेप गंभीर आहेत. ती सर्वत्र पसरली नॉयबाउअर यांच्या १९५८ मधील आठवणींतून, म्हणजे घटनेनंतर जवळपास पाव शतकाने. १९३४ च्या वृत्तांतांत तिचा मागमूस आढळत नाही, असे संशोधक सांगतात. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. नव्या नियमात बसणाऱ्या गाड्या पुरेशा नसल्याने ती आयफेल शर्यत मुक्त नियमांखाली झाली, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते खरे धरले तर त्या दिवशी ७५० किग्रॅ.ची अटच लागू नव्हती आणि एका किलोसाठी रात्र जागवण्याचे कारणच उरत नाही. तिसरे असे की, उघडा पत्रा ही १९३४ ची नवलाई नव्हती. मे १९३२ मध्ये बर्लिनच्या अवूस मार्गावर ब्राउखिच यांनी वायुगतिकीय बांधणीची मर्सिडीज एसएसकेएल गाडी पळवून रुडोल्फ कारात्शिओला (पुढे डब्ल्यू २५ चे चालक) यांच्या इटालियन आल्फा रोमेओ गाडीला हरवले होते. तिच्यावर रंग नव्हता आणि तेव्हाच्या नभोवाणीवरील वर्णनात तिला ‘चंदेरी बाण’ म्हटले गेल्याचा उल्लेख मिळतो. शिवाय ऑटो युनियनच्या गाड्याही चंदेरीच होत्या. त्यांच्यासाठी अशी कोणतीही रात्र कोणी सांगत नाही.

छायाचित्रांवरून निवाडा करणे कठीण आहे. त्या काळच्या कृष्णधवल चित्रांत उन्हात चकाकणारा पत्रा आणि पांढरा रंग यांत फरक करता येईलच असे नाही. दुसऱ्या बाजूने, वजनाची काळजी खोटी नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पुढच्या महिन्यातल्या फ्रेंच ग्रां प्रीला अट निश्चितच लागू होणार होती आणि रंग व त्याखालचे लुकण यांचे वजन एखाद-दुसरा किलो भरणे सहज शक्य आहे. वजनासाठी रंग टाळण्याचा निर्णय आधीच झाला असावा आणि नॉयबाउअर यांच्या रसाळ कथनात तो एका रात्रीत गोळा झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

१९३४ : पदार्पण २७ मे रोजी अवूसवर व्हायचे होते, सरावातल्या अडचणींमुळे संघाने ऐनवेळी माघार घेतली. आयफेलमध्ये मात्र ब्राउखिच जिंकले. सरासरी वेग ताशी सुमारे १२२ किमी. या विजयाला एक कडवट किनार आहे. संघातले दुसरे चालक लुइजी फाजोली यांना सहकाऱ्याला पुढे जाऊ देण्याचा हुकूम मिळाला. पिटमध्ये (इंधन-टायरसाठी थांबण्याच्या जागी) नॉयबाउअर यांच्याशी त्यांची खडाजंगी झाली आणि अखेर त्यांनी गाडी वाटेतच सोडून दिली. १ जुलैला मॉन्लेरीच्या फ्रेंच ग्रां प्रीत मर्सिडीजच्या तिन्ही गाड्या बाद झाल्या आणि आल्फा रोमेओने पहिले तिन्ही क्रमांक घेतले. ऑगस्टपासून घडी बसली : पेस्काराची कोप्पा आचेर्बो फाजोली यांनी, माँझाची इटालियन ग्रां प्री कारात्शिओला व फाजोली यांनी एकच गाडी आळीपाळीने चालवून, तर स्पॅनिश ग्रां प्री पुन्हा फाजोली यांनी जिंकली. मोनॅकोत १९३३ मध्ये मांडीचे हाड मोडलेले रुडोल्फ कारात्शिओला अजून पूर्ण सावरलेले नव्हते. तरीही ऑक्टोबरच्या अखेरीस हंगेरीत गियोन येथे, बंद छताच्या डब्ल्यू २५ मध्ये त्यांनी ताशी ३१७ किमी.हून अधिक वेग गाठला.

१९३५ : हे या गाडीचे वर्ष. मोनॅको, अवूस आणि बार्सेलोनाची पेन्या ऱ्हिन या शर्यती फाजोली यांनी, तर त्रिपोली, आयफेल, फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड आणि स्पेन कारात्शिओला यांनी जिंकल्या. युरोपीय अजिंक्यपदही कारात्शिओला यांना मिळाले. बेल्जियममध्ये जुनेच नाट्य पुन्हा घडले : कारात्शिओलांना मागे टाकण्याची मनाई होताच फाजोली गाडी पिटमध्ये आणून उतरले. तीच गाडी ब्राउखिच यांनी दुसऱ्या क्रमांकावर आणली.

न जिंकलेली एक शर्यत मात्र सगळ्या विजयांहून अधिक आठवली जाते. २८ जुलै, न्युर्बुर्गरिंग, जर्मन ग्रां प्री, २२.८ किमी.च्या २२ फेऱ्या. इटालियन चालक तात्सिओ नुव्होलारी यांची आल्फा रोमेओ पी ३ तेव्हा जुनी झाली होती आणि ताकदीत बरीच उणी होती. त्यात पिटमधला इंधनाचा पंप बिघडल्याने त्यांचा थांबा दोन मिनिटांहून अधिक लांबला. तेथून ते एकेक जर्मन गाडी मागे टाकत आले. आघाडीवरच्या ब्राउखिच यांचे मागचे टायर झिजत होते. बदलायला थांबावे तर आघाडी जाणार, न थांबावे तर टायर जाणार. ते थांबले नाहीत. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी हाती होती. त्याच फेरीत टायर फुटला. नुव्होलारी जिंकले, ऑटो युनियनचे हान्स श्टुक दुसरे, कारात्शिओला तिसरे आणि ब्राउखिच फुटल्या टायरच्या चाकाच्या रिमवर गाडी रेटत पाचवे आले. कारण निव्वळ दुर्दैवाचे नव्हते. ताकदवान इंजिन मागचे टायर खात होते आणि सांगाड्याला ती ताकद रस्त्यावर नीट उतरवता येत नव्हती.

१९३६ : आखूड सांगाडा आणि ४.७४ लिटरचे इंजिन घेऊन आलेली नवी आवृत्ती फसली. बारा सिलिंडरांचे सुमारे ५.६ लिटरचे इंजिन ग्रां प्रीसाठी फार जड ठरले आणि विक्रमी वेगाच्या गाडीत वापरले गेले. त्याच वर्षी फ्रँकफुर्टजवळच्या महामार्गावर कारात्शिओला यांनी ताशी ३६० किमी. ओलांडले. शर्यतीत विजय दोनच, आणि दोन्ही कारात्शिओला यांचे. एप्रिलमध्ये भर पावसात मोनॅको : आल्फा रोमेओतून सांडलेल्या तेलावर गाड्या घसरून एकमेकींवर आदळल्या, त्यात मर्सिडीजचे चालक लुई शिरों आणि ब्राउखिच यांच्या गाड्याही गेल्या. मे महिन्यात ट्युनिस. बाकीचा हंगाम ऑटो युनियनच्या बेर्न्ड रोझेमायर यांनी गाजवला. जर्मन ग्रां प्रीत शिरों जबर जखमी झाले. ऑगस्टच्या स्विस ग्रां प्रीनंतर संघाने उरलेल्या शर्यतींतून अंग काढून घेतले.

त्या उन्हाळ्यात शर्यत विभागाची सूत्रे रुडोल्फ उलेनहाउट या तरुण अभियंत्याकडे आली. न्युर्बुर्गरिंगवर ते स्वतः गाडी घेऊन फिरले आणि दोष त्यांना चालकाच्या जागेवर बसून उमगले : स्प्रिंगा प्रमाणाबाहेर ताठ, त्यामुळे खड्ड्यावर चाकाऐवजी सांगाडाच वाकत होता. १९३७ च्या डब्ल्यू १२५ मध्ये त्यांनी नळ्यांचा कणखर सांगाडा, मऊ स्प्रिंगा आणि झुलत्या अर्ध-आसाऐवजी दोन्ही चाकांना समांतर राखणारा द दियों आस वापरला. आठ सिलिंडरांच्या इंजिनाची परंपरा मात्र तशीच पुढे गेली आणि त्या गाडीसह कारात्शिओला यांनी अजिंक्यपद परत मिळवले.