आकडा चुकला की उपचार चुकला

लहान गावातल्या दवाखान्यात उच्च रक्तदाब आणि मधुमेहाचे निदान बहुधा दोनच यंत्रांवर ठरते: बीपीचे यंत्र आणि ग्लुकोमीटर. यंत्रे ठणठणीत असूनही आकडे चुकतात, आणि तिथेच सुधारणा सर्वांत स्वस्तात होते.

चालत आलेल्या माणसाला लगेच बीपीच्या यंत्राचा पट्टा बांधू नये. पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून त्याला गप्प बसू द्यावे. बोलण्यानेही दाब वाढतो. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्यावे. दंड उघडा, हृदयाच्या उंचीवर आणि आधारावर हवा. पण सर्वांत जास्त घोळ पट्ट्याच्या मापाने होतो. आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापेल इतकी हवी. जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला की दाब खोटाच जास्त दिसतो, आणि गरज नसलेल्याच्या मागे कायमच्या गोळ्या लागतात. मोठा पट्टा मागवून ठेवाच. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. १४०/९० किंवा वर आला, तर सहसा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजूनच निदान करावे. छातीत दुखत असेल, धाप लागली असेल किंवा एक बाजू लुळी पडली असेल, तर मात्र थांबू नये. तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

साखर तपासताना बोटाला गोड काही लागलेले असले तरी आकडा फुगतो. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. स्पिरिट लावले तर ते पूर्ण उडून जाऊ द्यावे. ग्लुकोमीटरमध्ये घालायच्या स्ट्रिपची डबी उघडी राहिली तर दमट हवेने स्ट्रिपा बिघडतात. आठ तास उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर दोनदा आली, तर मधुमेह धरतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी लोहाच्या कमतरतेत खोटी वाढू शकते, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात खोटी कमी येऊ शकते. अशा रुग्णांत उपाशीपोटीच्या साखरेवरच विसंबावे.

निदानानंतरची खरी अडचण म्हणजे न आलेला रुग्ण. दाब वाढला तरी सहसा दुखत-खुपत नाही. आकडा उतरला की ‘बरे झाले’ समजून गोळ्या बंद होतात. तो गोळ्यांमुळेच उतरला आहे, हे प्रत्येक भेटीत सांगावे लागते. वहीत नावे पुढच्या भेटीच्या तारखेनुसार लावावीत. मग कोण चुकले ते त्याच संध्याकाळी दिसते, आणि गोळ्या संपून आठवडे उलटण्याआधी फोन करता येतो.