हॅम ट्रान्सीव्हर : हाताळणी व सराव

हौशी रेडिओ केंद्राचा प्रक्षेपक आणि ग्राही एकाच पेटीत बसवलेला संच म्हणजे हॅम ट्रान्सीव्हर. दोघांना अँटेना एकच असतो. माइकवरचे पीटीटी बटण दाबले की ग्राही बंद पडतो आणि प्रक्षेपक सुरू होतो. प्रक्षेपणाला परवाना आणि कॉलसाइन (केंद्राचे ओळखचिन्ह) लागते. पण शिकण्यातला मोलाचा भाग हे बटण दाबण्याआधीच होऊन जातो.

सुरुवात फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या मोठ्या गोल नॉबपासून, म्हणजे व्हीएफओपासून करावी. १४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे २० मीटरच्या, बँडवर यूएसबी (अप्पर साइडबँड : डायलच्या फ्रिक्वेन्सीच्या वरच्या बाजूने आवाज नेणारी पद्धत) लावून नॉब सावकाश फिरवला की आधी नुसती खरखर येते, मग कोणीतरी बोलत असल्याची चाहूल लागते. डायल बोलणाऱ्याच्या फ्रिक्वेन्सीच्या खाली असेल तर आवाज बदकासारखा चिरका येतो, वर गेली तर घोगरा. एलएसबीवर (लोअर साइडबँड : खालच्या बाजूची पद्धत) नेमके उलट घडते. दहा-दहा हर्ट्झने सरकताना एका जागी तो माणसाचा आवाज होतो. ती जागा कानाला आपोआप सापडेपर्यंत रोज ऐकावे. याला दुसरा उपाय नाही. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी आणि वर यूएसबी अशी प्रथा आहे. ६० मीटरचा (सुमारे ५ मेगाहर्ट्झचा) बँड तेवढा अपवाद, तिथे यूएसबी. समोरचा थोडा सरकला तर मुख्य नॉबला हात न लावता आरआयटी (फक्त ग्राहीची फ्रिक्वेन्सी थोडी सरकवणारी सोय) वापरावे, नाहीतर दोघेही एकमेकांच्या मागे बँडभर फिरत राहतात.

डायलवरचा आकडा फसवाही असतो. २० मीटरचा बँड १४.३५० मेगाहर्ट्झला संपतो. यूएसबीवरचे बोलणे डायलच्या वर सुमारे ३ किलोहर्ट्झ जागा व्यापते. त्यामुळे १४.३४९ वर बोलणाऱ्याचा बराचसा आवाज हद्दीबाहेर जातो.

पहिले प्रक्षेपण डमी लोडवर करावे. हा ५० ओहमचा रोधक असून सगळी शक्ती उष्णतेत जिरवतो. अँटेना जोडल्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे सांगणारे गुणोत्तर) पाहावा: १.५ च्या आत उत्तम, ३ च्या पुढे गेल्यास बोलू नये. माइक गेन (माइकच्या आवाजाची पातळी) वाढवला की आवाज लांब जातो, हा नवशिक्यांचा हमखास गैरसमज. एएलसीचा (प्रक्षेपणाची पातळी आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा मर्यादेबाहेर गेला की आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांना त्रास होतो.

सीक्यू (कोणीही उत्तर द्यावे अशी हाक) देण्यापूर्वी थोडे ऐकावे, मग फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का ते विचारावे. मोर्समध्ये त्यासाठी क्यूआरएल हा संकेत आहे. उत्तर नाही आले तरी पुन्हा एकदा विचारावे, कारण चालू संभाषणातली एकच बाजू आपल्यापर्यंत पोहोचत असण्याची शक्यता असते.