शिष्टमंडळ आयटीयूत पाठवा, आयईटीएफमध्ये नाही

आंतरराष्ट्रीय तांत्रिक मानकांमध्ये आपल्या भागाचा सहभाग वाढायला हवा, असं कोणी म्हटलं की बरं वाटतं. पण पुढच्याच वाक्यात आयटीयू (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना) आणि आयईटीएफ (इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स) ही दोन नावं जोडीने येतात आणि दोन्हींसाठी एकच योजना मांडली जाते: शिष्टमंडळ नेमा, भूमिका ठरवा, माणसं पाठवा. पहिल्या ठिकाणी ही योजना चालते. दुसऱ्या ठिकाणी पैसाही जातो आणि गेलेल्या माणसांची उमेदही.

आयटीयू बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. स्थापना १८६५ची, तारायंत्राच्या काळातली. आज ती संयुक्त राष्ट्रांची संस्था आहे आणि मुख्यालय जिनिव्हात आहे. सदस्य म्हणजे सरकारं. कंपन्या आणि विद्यापीठं वर्गणी भरून तिच्या मानकांच्या शाखेत येऊ शकतात. बरंचसं काम सहमतीनेच होतं, पण सरकारांमध्ये मतदानाची वेळ आली तर एक देश, एक मत. भूमिका देशात ठरते, प्रतिनिधी ती मांडतो. शेजारच्या देशांनी मिळून संयुक्त प्रस्ताव आणला तर त्याला खरोखर वजन येतं.

आयटीयूच्या मानकांच्या कागदांना शिफारशी म्हणतात, आयईटीएफच्या कागदांना आरएफसी. दोन्ही पाळणं मुळात ऐच्छिक. यात कोणी अडखळत नाही.

अडखळतात ते इथे: आयईटीएफमध्ये देश नावाची गोष्टच नाही. १९८६पासून इंटरनेटचे प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलायचे नियम, घडवणाऱ्या या संघटनेला औपचारिक सदस्यत्व नाही, वर्गणी नाही, मतदान नाही. एखाद्या विषयावरच्या कार्यगटाच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे ईमेलवरच्या सामायिक चर्चेत, नाव नोंदवलं की तुम्ही आत. जो लिहितो तो स्वतःच्या नावाने लिहितो, कोणाच्या वतीने नाही. ‘आमच्या देशाची भूमिका अशी आहे’ असं सुरू होणारं पत्र तिथे कोणी फेटाळत नाही, पण त्यातून काही घडतही नाही, कारण त्याला उत्तर काय द्यायचं? चर्चा करायला त्यात तांत्रिक मुद्दाच नसतो.

निर्णय होतो तो ढोबळ सहमतीने. म्हणजे बहुमताने, असं सर्रास समजलं जातं, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. २०१४चा आरएफसी ७२८२ स्पष्ट सांगतो: शंभर बाजूने आणि पाच विरोधात असले तरी सहमती झाली असं नाही, आणि पाच बाजूने व शंभर विरोधात असूनही ती झालेली असू शकते. प्रश्न एवढाच असतो की प्रत्येक आक्षेपाचा नीट विचार होऊन त्याला उत्तर मिळालं का. म्हणून एकाच भागातल्या वीस जणांनी ‘पाठिंबा आहे’ एवढंच लिहून पाठवणं निष्फळ. एकाने मोजमापासकट मांडलेली अडचण मात्र पूर्ण मसुदा अडवू शकते.

मोजमाप किती निर्णायक ठरतं, ते २०११च्या आरएफसी ६२९८मध्ये दिसतं. टीसीपीने, म्हणजे पाठवलेली माहिती नीट पोहोचली याची खात्री करणाऱ्या प्रोटोकॉलने, उत्तराची पहिली वाट किती वेळ पाहायची, ती मुदत त्यात तीन सेकंदांवरून एका सेकंदावर आणली. आधार काय, तर पाहिलेल्या जोडण्यांपैकी ९७.५ टक्क्यांहून अधिक जोडण्यांत संदेश जाऊन उत्तर यायला एका सेकंदाहून कमी वेळ लागत होता. उरलेल्या संथ जोडण्यांचं काय, याचीही तरतूद त्याच मजकुरात आहे: जोडणी उभारतानाच ती मुदत उलटली, तर माहिती पाठवायला लागताना पुन्हा तीन सेकंदांवर जायचं. अशा निर्णयात तुमच्या नेटवर्कवरचे आकडे टेबलावर असणं, हाच सहभाग. खोलीत तुमच्याकडची किती माणसं होती, हे त्या मजकुराला कळत नाही.

आणखी एक: बैठकीत ठरलेलं मेलिंग लिस्टवर पक्कं व्हावं लागतं. त्यामुळे ‘बैठक आपल्याकडे भरवा’ हा आग्रह मला दुय्यम वाटतो. २०१६मध्ये ब्वेनोस आयरेसला दक्षिण अमेरिकेतली पहिली बैठक झाली, ते चांगलंच झालं. ओळखी होतात, संकोच जातो. पण बैठका वर्षातून तीन, आणि काम बाराही महिने चालतं. हजेरी नियमाने मोजली जाते ती मुख्यतः नेतृत्व निवडणाऱ्या समितीसाठी, आणि २०२३च्या आरएफसी ९३८९नुसार तिथे ऑनलाइन हजेरीही धरतात.

तेव्हा पैसा असेल तर तिकिटांआधी अभियंत्यांच्या वेळेवर खर्च करा. आठवड्यातले काही तास कामाच्या वेळेतच मोकळे करून द्या, हे फार महत्त्वाचं. तीन-चार जणांनी आपल्या रोजच्या कामाशी जोडलेला एकच कार्यगट धरावा आणि त्याचा चालू मसुदा एकत्र वाचावा. मसुद्याची मुदत सहा महिन्यांची असते, म्हणजे वाचायला सवड मिळते. पहिलं पत्र छोटं चालेल: कलम कोणतं, आपल्या नेटवर्कवर ते कुठे अडतं, मोजलं कसं, आणि त्या वाक्याऐवजी कोणतं वाक्य हवं. सही प्रत्येकाने स्वतःच्या नावाने करावी.